तीनशे चौरस फुटांत हवा किती?

"घर केवढं आहे?" असं कुणी विचारलं की आपण चौरस फूट सांगतो. करंजाड्यात कुठल्याही चौकात उभं राहिलात तर वन आरके, वन बीएचके आणि पुढे एक आकडा असे पाच-सहा बोर्ड एका नजरेत दिसतात. सरकारी योजनाही याच भाषेत बोलतात. पण घरात माणूस चौरस फुटांत राहत नाही, घनफुटांत राहतो. त्यातली हवा किती वेळा बदलते यावर त्याची झोप, खोकला आणि पंख्याचं बिल अवलंबून असतं. माझी पीएचडी साधारण याच प्रश्नाभोवती आहे: लहान घरांतून हवा कशी फिरते, आणि का फिरत नाही. मी मूळची फिजिक्सची, आर्किटेक्चरची नाही. त्यामुळे या लेखात सुंदर घरांचे फोटो मिळणार नाहीत, थोडी आकडेमोड मात्र मिळेल. गुणाकार-भागाकाराच्या पुढे जाणार नाही, असं वचन देते.

आधी चौरस फुटांचा इतिहास थोडक्यात. १९२० च्या दशकात, जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना, बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टोरेटने मुंबईत कामगारांसाठी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती, आणि एका कुटुंबाला साधारण १६० चौरस फुटांची खोली. संडास मजल्यावर सामाईक. नव्वदच्या दशकात झोपडपट्टी पुनर्वसनाचं घर २२५ चौरस फुटांचं ठरलं, मग ते २६९ झालं आणि २०१८ च्या नव्या नियमावलीत ३००. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी ३० चौरस मीटर चटईक्षेत्राची मर्यादा होती, म्हणजे ३२३ चौरस फूट. बीडीडीच्या पुनर्विकासात ५०० चौरस फूट देतात. वरळीत त्याच्या पहिल्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या.

शंभर वर्षांत १६० वरून ३०० वर आलो ही प्रगती आहेच. आपल्या घरात आपला संडास असणं ही गोष्ट किती मोठी आहे हे ज्यांनी सकाळी बादली घेऊन रांग लावली आहे त्यांना विचारा. पण या सगळ्या वादात आणि आंदोलनांत आकडा एकच फिरत राहिला. खिडकीसमोर काय आहे, याचा आकडा कुणी मागितला नाही.

आता गणित. ३०० चौरस फूट म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. छत पावणेतीन मीटरवर धरलं तर घरात ७७ घनमीटर हवा आहे (सामान वजा केलं तर कमीच). रात्री पाच माणसं झोपली आहेत. झोपलेला प्रौढ माणूस तासाला ढोबळमानाने १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो, म्हणजे पाच जण मिळून ६० लिटर. दार बंद, डास येतात म्हणून खिडकीही जवळजवळ बंद. अशा घरात हवा पूर्ण बदलायला दोन तास लागतात असं समजा. अभ्यासाच्या भाषेत याला 'ताशी अर्धा हवाबदल' म्हणतात. म्हणजे तासाला ३८ घनमीटर बाहेरची हवा आत येते. ६० लिटर भागिले ३८ घनमीटर केलं की उत्तर येतं दर दहा लाख भागांत साधारण १५६० भाग. बाहेरच्या हवेतले मूळचे ४२० त्यात मिळवा, म्हणजे पहाटेपर्यंत घरातली पातळी २००० च्या आसपास जाते.

हा आकडा विषारी नाही. घाबरू नका. कार्बन डायऑक्साइड इथे फक्त साक्षीदार आहे. तो सांगतो की खोलीतली किती हवा आधीच कुणाच्या तरी फुफ्फुसांतून फिरून आली आहे. आपल्या उच्छ्वासात हा वायू चार टक्क्यांच्या आसपास असतो. त्यावरून हिशोब केला तर या बंद घरात तुमचा प्रत्येक पंचविसावा श्वास हा दुसऱ्या कुणीतरी सोडलेला (किंवा तुमचाच, परत आलेला) असतो. तेच घर, तीच पाच माणसं, पण समोरासमोर दोन खिडक्या उघड्या आणि ताशी पाच हवाबदल झाले, तर हे प्रमाण अडीचशेत एकावर येतं. घराचं क्षेत्रफळ एक इंचानेही वाढलेलं नाही, आणि फरक दहापट पडला.

पंखा लावला की हवा बदलते, असा एक समज आहे. पंखा हवा हलवतो, बदलत नाही. अंगावरचा घाम वाळतो म्हणून बरं वाटतं, आणि कोकणातल्या दमट हवेत ते आवश्यकच आहे. पण बंद घरातला पंखा म्हणजे तीच डाळ पुन्हा पुन्हा ढवळणं.

हे नुसतं कागदी गणित वाटत असेल तर गोवंडी-मानखुर्दकडे या. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी तिथल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास पुढे आणला: लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. चार हजारांहून अधिक कुटुंबांना भेटून क्षयरोगाची माहिती गोळा केली होती, आणि सोबत संगणकावर प्रत्येक वसाहतीतला वारा आणि उजेड मोजला होता. पहिल्या दोन वसाहतींत साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षयरुग्ण सापडला. पीएमजीपीत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होतं. वस्ती गरीब तिन्हीकडे, एकाच वॉर्डातली. मोठा फरक मांडणीत होता. पहिल्या दोन ठिकाणी इमारतींमधलं अंतर कुठे कुठे अवघं तीन मीटर आहे, आणि खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचतच नाही. रुग्णही खालच्या मजल्यांवर जास्त निघाले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. क्षयरोग जंतूमुळे होतो, भिंतींमुळे नाही. पोषण, दाटी, कामाची जागा, औषधं वेळेवर मिळणं अशा दहा गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात, आणि अशा पाहणीतून 'इमारतीमुळे रोग झाला' असं सिद्ध होत नाही. पण जंतू हवेत तरंगत राहतो, ती हवा बदलली नाही तर तो पुढच्या माणसापर्यंत पोहोचतो, आणि उन्हात तो लवकर मरतो, हे शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनाही माहीत होतं. म्हणून तर मिरज-पुण्याकडच्या जुन्या क्षय रुग्णालयांना मोठे व्हरांडे दिसतात. तेव्हा त्या पाहणीत दिसलेला संबंध मला तरी योगायोग वाटत नाही.

तीन मीटर म्हणजे किती कमी, तेही बघू. सात मजली इमारत साधारण २१ मीटर उंच. तळमजल्याच्या घरात दीड मीटर उंचीवरून खिडकीबाहेर बघितलं, आणि समोर तीन मीटरवर तेवढीच इमारत असेल, तर आकाश दिसायला मान ८१ अंश वर करावी लागते. क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंतच्या ९० अंशांपैकी ८१ अंश भिंत, ९ अंश आकाश. दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावावी लागते ती यामुळे. वाराही असाच. दोन उंच इमारतींमधल्या अरुंद फटीवरून तो वरच्या वर निघून जातो, आणि फटीच्या तळाशी हवा आपल्याच जागी गोल फिरत राहते.

मग इमारती एवढ्या जवळ का बांधतात? सोपं उत्तर 'बिल्डर लोभी असतात' हे आहे, आणि ते पुरेसं नाही. पुनर्वसन योजनेत मूळ रहिवाशांना घर फुकट द्यायचं असतं. तो खर्च त्याच जमिनीच्या उरलेल्या भागावर विक्रीच्या इमारती बांधून काढायचा असतो. साहजिकच विक्रीच्या इमारतीला मोकळी, रस्त्याकडची जागा मिळते आणि पुनर्वसनाच्या इमारती उरलेल्या कोपऱ्यात दाटीने उभ्या राहतात. त्यासाठी नियमांनीच अंतरात सवलत दिलेली असते. म्हणजे घर फुकट मिळालं, पण त्याची किंमत हवेत आणि उजेडात चुकवली गेली.

यात आणखी एक मुद्दा आहे, जो शिरीष पटेल यांनी वर्षानुवर्षं मांडला. नवी मुंबईची कल्पना १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्यासोबत मांडणारे ते स्थापत्य अभियंते. त्यांचं म्हणणं असं की एफएसआय नावाचा आकडा बांधकाम मोजतो, माणसं मोजत नाही. समजा एक हेक्टर जमीन आहे आणि एफएसआय चार. म्हणजे ४०,००० चौरस मीटर बांधकाम. त्यात भिंती-जिन्यांसकट १३० चौरस मीटरचे फ्लॅट काढले तर सुमारे ३०० कुटुंबं, बाराशे माणसं. तेवढ्याच बांधकामात ४० चौरस मीटरची घरं काढली तर हजार कुटुंबं, पाच हजार माणसं. बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच. पण दुसरीकडे लिफ्टवर, गटारावर, खेळायच्या जागेवर, समोरच्या रस्त्यावर चौपट भार. म्हणून श्रीमंत वस्तीत चालणारा एफएसआय लहान घरांच्या वस्तीत चालेल असं मानणं ही मूळ गफलत आहे. गंमत म्हणजे आपले नियम बरोबर उलट वागतात: घरं जितकी लहान, एफएसआय तितका जास्त.

आता ज्या घरांबद्दल चांगलं बोलता येईल तिकडे वळते. सीबीडी बेलापूरला कधी गेलात तर सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चक्कर मारा. १९८० च्या दशकात कोरियांनी सिडकोसाठी केलेली ही वसाहत. सात-सात घरं एका लहान चौकाभोवती, चौक साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन गट मिळून एक मोठा चौक. प्रत्येक घर स्वतःच्या प्लॉटवर, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे वाढवायचं असेल तर कुणाची परवानगी मागत बसायला नको. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. गरीब आणि मध्यमवर्गीय यांच्या प्लॉटमधला फरक मुद्दाम कमी ठेवलेला. आणि एवढं करून घनता हेक्टरी शंभर घरांच्या आसपास. लिफ्ट नाही, पंप नाही, प्रत्येकाच्या डोक्यावर आपलं आकाश.

'घर हळूहळू वाढू द्या' ही कल्पना जगभर वेगवेगळ्या रूपांत आली. बाळकृष्ण दोशींनी इंदूरजवळच्या अरण्य वसाहतीत अनेक कुटुंबांना फक्त प्लॉट, जोतं आणि संडास-नळाचा गाभा दिला. वरचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. चिलीत आलेहांद्रो आरावेना यांनी इकिके शहरात सरकारी अनुदानात अर्धंच घर बांधलं आणि अर्ध्याची जागा मोकळी सोडली. आपल्याकडे हे शिकायला परदेशी जायची गरज नाही. कोपरखैरणे-ऐरोलीच्या छोट्या बैठ्या घरांवर आज दोन-तीन मजले चढलेले दिसतात. खाली दुकान, मध्ये आई-वडील, वर भाडेकरू. पण इथे हवेचा प्रश्न परत येतो. बैठ्या घरांसाठी आखलेल्या गल्लीत प्रत्येकाने तीन मजले चढवले की गल्लीच ती तीन मीटरची फट होते. बेलापूरचे चौक अजून श्वास घेतात ते चौकांच्या मोजमापामुळे, घरांमुळे नाही. तिथेही अनेक मूळ घरं पाडून मोठे बंगले झालेत, आणि ज्यांच्यासाठी ती होती त्यांना आज ती परवडणार नाहीत हेही खरं.

मग करंजाडे कुठे बसतं? आमच्या भागाला आकार दिला तो साडेबारा टक्क्यांनी. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना १९८४ च्या आंदोलनानंतर (दि. बा. पाटलांचं नेतृत्व, दास्तान फाट्याचा गोळीबार, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत असतं) संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. सार्वजनिक सोयींसाठीची कपात जाऊन हातात पावणेनऊ टक्के. ही जमीन खातेदारांच्या वारसांत वाटली जाते, त्यामुळे प्लॉट लहान-मोठे, वेडेवाकडे. मूळ मालक बहुतेकदा बिल्डरसोबत करार करतो आणि त्यावर चार-सात मजली इमारत उभी राहते, खाली दुकानं, वर आरके आणि बीएचके. पुढे विमानतळासाठी उठवलेल्या गावांतली काही कुटुंबंही करंजाडे-वडघरच्या बाजूला वसली. म्हणजे इथली परवडणारी घरं कुठल्या मोठ्या गृहयोजनेतून आलेली नाहीत. ती शेतकऱ्याच्या परताव्यातून आली आहेत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सिडकोच्या २०२४-२५ च्या २६,००० घरांच्या योजनेत तळोज्यातली घरं २५ लाखांच्या आसपास सुरू होत होती आणि वाशी ट्रक टर्मिनलची ७४ लाखांना होती. वाशीची घरं काही तिप्पट मोठी नाहीत. बाकीचा फरक जागेचा. ज्याला दोन्ही जमत नाही तो करंजाड्यासारख्या ठिकाणी येतो.

अशा लहान प्लॉटवर हवेची अडचण वेगळीच असते. इमारतीच्या चारही बाजूंना थोडं थोडं अंतर सोडलेलं असतं, मध्ये जिना-लिफ्ट, आणि एका मजल्यावर चार किंवा सहा घरं. म्हणजे काही घरांना बाहेरची भिंत एकाच बाजूला. एका बाजूने उघड्या खोलीत वारा किती आत शिरतो याचा एक ढोबळ नियम आहे: छताच्या उंचीच्या साधारण अडीचपट. पावणेतीन मीटर छत असेल तर पावणेसात-सात मीटर. समोरासमोर दोन्हीकडे उघडं असेल तर हीच खोली दुप्पट चालते. वन आरके बहुधा याच मर्यादेत बसतं, पण मधे किचनची आडवी भिंत आली की मागचा अर्धा भाग सुटतो.

त्यात आपली लाडकी सरकती खिडकी. राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण-दमट हवामानासाठी सांगते की खिडक्यांचं क्षेत्र खोलीच्या एक षष्ठांश असावं. साडेनऊ चौरस मीटरच्या खोलीला मग दीड चौरस मीटरहून थोडं जास्त हवं. चार बाय चार फुटांची खिडकी दीडला जेमतेम टेकते. पण सरकती असेल तर उघडते निम्मीच, पाऊण चौरस मीटर, म्हणजे खोलीच्या तेराव्या हिश्शाइतकी. त्यावर डासांची जाळी, बाहेर ग्रिल, ग्रिलमध्ये कुंड्या आणि बादल्या. कागदावर नियम पाळलेला, प्रत्यक्षात वारा पाव. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांची खिडकी पूर्ण उघडते. जुन्या घरांत दारावर झडप असायची, ती दार बंद असतानाही गरम हवा बाहेर सोडायची. एसीच्या काळात ती गेली, पण एसी तर सगळ्यांकडे आलेला नाही.

जपानी किंवा हाँगकाँगच्या इवल्याशा घरांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. भिंतीतून पलंग निघतो, टेबल घडी होतं. हे सगळं छान आहे आणि थोडंफार उचलण्यासारखंही आहे. पण आपल्या लहान घरात दोन गोष्टी अशा आहेत ज्यांचं उत्तर त्या व्हिडिओंत नसतं: फोडणी आणि जून ते सप्टेंबरचे ओले कपडे. एका कुटुंबाच्या धुण्यातून, पिळून झाल्यावरही, दोनेक लिटर पाणी सहज निघतं. बाहेर पाऊस म्हणून कपडे खोलीत दोरीवर वाळतात तेव्हा ते सगळं पाणी खोलीच्या हवेत जातं, आणि आधीच दमट असलेली हवा ते भिंतीच्या थंड कोपऱ्यात ठेवून देते. कपाटामागची काळी बुरशी तिथून येते. चार फुटांची, पावसाच्या माऱ्यापासून आडोसा असलेली, कपडे वाळवायची जागा ही माझ्या मते घडीच्या पलंगापेक्षा मोठी सोय आहे. आणि विकताना सगळ्यात आधी खोलीत घेतली जाते ती हीच बाल्कनी.

चाळीचं गुणगान करायचा मोह इथे होतो. सावध राहा. गिरगावातल्या चाळींची उघडी गॅलरी आणि चौक हवेसाठी खरंच उत्तम होते. पण बीडीडी चाळी तशा नाहीत. तिथे मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. त्या बोळाच्या पलीकडचं दार उघडं ठेवलं तरच वारा आरपार. माणसं दारं उघडी ठेवत, ते शेजारधर्मासाठी जितकं तितकंच उकाड्यासाठी. सुनेला, मुलीला, आजाऱ्याला त्यात खाजगीपणा किती मिळायचा हा हिशोब आठवणींच्या लेखांत क्वचित येतो. आज कुणी दार उघडं ठेवत नाही आणि ठेवावं असं मी म्हणणारही नाही. म्हणूनच आरपार वारा दाराच्या भरवशावर न सोडता, दोन वेगवेगळ्या बाजूंच्या खिडक्यांतून मिळावा असा नकाशा हवा. एका मजल्यावर सहाऐवजी चार घरं ठेवली तर प्रत्येकाला कोपरा मिळतो, आणि कोपरा म्हणजे दोन बाजू. बिल्डरचा तोटा होतो. किती, आणि तो लांबी-रुंदीच्या थोड्या फेरबदलाने भरून निघतो का, यावर सध्या माझं काम चालू आहे.

तोवर, तुम्ही घर बघायला जाणार असाल तर एक उदबत्ती सोबत न्या. सेल्समन हसेल, हसू द्या. सगळ्या खिडक्या उघडून, दार बंद करून, खोलीच्या मध्यभागी उदबत्ती धरा आणि धूर कुठे जातो ते बघा. एका खिडकीकडे सरळ निघाला तर उत्तम. जागच्या जागी घुटमळला तर रात्री तुमचा श्वासही तिथेच घुटमळणार आहे. संडास-बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर वाकून बघा, डक्टला वरून आकाश आहे की पत्रा. आणि खिडकीबाहेर आत्ता मोकळा प्लॉट, गवत, लांबवर डोंगर दिसत असेल तर त्या प्लॉटचा नंबर विचारून घ्या. करंजाड्यात मोकळा प्लॉट फार दिवस मोकळा राहत नाही. तिथे किती मजले येऊ शकतात आणि तुमच्या खिडकीपासून किती मीटरवर, हे मंजूर नकाशावर आजच कळतं.